रक्त पोचत नाही हाताला, आणि करंट द्यायचा पाठीच्या कण्यात? स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणजे नक्की काय

हाताची बोटं गार पडतायत, टोकाला जखमा होतायत, रात्र रात्र झोप नाही, आणि डॉक्टर म्हणतात की आपण पाठीच्या कण्यात एक वायर बसवून बघूया. पहिल्यांदा ऐकणारा माणूस चक्रावतोच. दुखणं कुठे आणि उपचार कुठे! मी पण चक्रावले होते, मग हळूहळू वाचत गेले, समजून घेत गेले, आणि आता वाटतं की हा विषय कोणीतरी नीट बसून सोप्या शब्दांत सांगायला हवा, कारण ज्यांना याची गरज पडते ते लोक आधीच दुखण्याने इतके थकलेले असतात की इंग्रजीतली जाडजूड माहितीपत्रकं वाचायची ताकद त्यांच्यात उरलेली नसते.

अर्धा गोंधळ तर आपल्या एका शब्दामुळेच होतो. तो शब्द म्हणजे नस. आपण रक्ताच्या नळीलाही नस म्हणतो आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या दोरीलाही नसच म्हणतो. "नस दबलीय", "नस आखडलीय", "नस ब्लॉक झालीय" यात कधी रक्तवाहिनी असते तर कधी नर्व्ह, आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. या लेखापुरतं मी रक्ताच्या नळीला रक्तवाहिनी म्हणते आणि निरोपवाल्या दोरीला नर्व्ह. कारण या उपचाराची सगळी गंमत इथेच आहे, आजार दिसतो रक्तवाहिनीत पण उपचार होतो नर्व्हवर.

आधी आजार काय ते बघू. फ्रीजमधून पाण्याची गार बाटली काढली, एवढंच. काही सेकंद हातात धरली आणि खाली ठेवली. तेवढ्यात मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही पांढरीफटक. नुसती फिकट नाही, मेणाच्या बोटांसारखी, आणि पांढरं कुठे संपतं आणि नेहमीचा रंग कुठे सुरू होतो तिथे पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी स्पष्ट सीमा. त्या बोटांनी शर्टाचं बटण लावायला गेलं तर बटण हाताला लागतच नाही, डोळ्यांनी बघून बघून लावावं लागतं. मग थोड्या वेळाने बोटं निळसर होतात, आणि हात गरम व्हायला लागला की लालबुंद होऊन ठणकायला लागतात. हा जो पांढरा, निळा, लाल असा प्रकार आहे त्याला रेनॉ म्हणतात. मोरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये याचं वर्णन केलं होतं, त्याच्यावरून हे नाव पडलं.

आता घाबरू नका, रेनॉ असणाऱ्या बहुतेक लोकांना काहीही मोठं होत नाही. हातमोजे घातले, गारठ्यापासून जपलं की भागतं. पण काही जणांमध्ये त्याच्यामागे दुसरा आजार असतो, मुख्य म्हणजे स्क्लेरोडर्मा, ज्यात कातडी कडक होत जाते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीही आतून जाड होतात. स्क्लेरोडर्माच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशंटना रेनॉ असतो, आणि साधारण निम्म्यांना कधी ना कधी बोटाच्या टोकाला जखम होते. दुसरा आजार बर्जर डिसीज, तो तंबाखूशी जोडलेला आहे, ओढायची असो नाहीतर खायची, आणि बऱ्याचदा पन्नाशीच्या आतल्या माणसांना होतो. यात हातापायाच्या छोट्या रक्तवाहिन्या सुजून त्यात रक्ताच्या गाठी होतात आणि त्या बंद पडत जातात.

ती जखम बघितली नसेल तर सांगते. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा असतो, नखाच्या खाली किंवा बोटाच्या अगदी शेंड्यावर. बघणाऱ्याला वाटतं एवढंसं तर आहे. पण रक्तच पोचत नाही म्हणून ती भरत नाही, महिनोनमहिने तशीच राहते, आणि दुखणं इतकं की पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. मोबाईलच्या स्क्रीनला बोट लावता येत नाही, किल्ली फिरवता येत नाही. आणि वाईटात वाईट झालं तर शेंडा काळा पडतो. घरच्यांनी "एवढ्याशा जखमेचं काय" असं कृपा करून म्हणू नये, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

हे नेमकं बोटांनाच का होतं? कारण बोटं ही शरीराची उष्णता बाहेर टाकायची जागा आहे. उकडलं की तिथे रक्त सोडायचं, थंडी वाजली की तिथलं रक्त आत ओढून घ्यायचं, हे काम शरीर दिवसभर करत असतं. त्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्यांभोवती बारीक नर्व्हचं दाट जाळं असतं, त्यांना सिम्पथेटिक नर्व्ह म्हणतात, आणि त्यांचा हुकूम साधारण एकच, आवळ. भीती वाटली तरी आवळ, थंडी वाजली तरी आवळ. म्हणूनच टेन्शन आलं की हात गार पडतात. निरोगी माणसात हा हुकूम येतो आणि थोड्या वेळाने सुटतो. या आजारात रक्तवाहिनी त्या हुकमाला जरुरीपेक्षा जास्त घट्ट प्रतिसाद देते, आणि जर ती आतून आधीच अरुंद झालेली असेल तर थोडीशी आवळली तरी रक्त जवळजवळ थांबतंच.

म्हणजे प्रॉब्लेम दोन थरांचा आहे. एक, नळी खरोखर अरुंद झालीय किंवा बुजलीय. दोन, उरलेली नळी नर्व्हच्या हुकमाने आवळली जातेय. पहिल्या थराचं करंट काही करू शकत नाही, म्हणजे पाठीत वायर बसवून बुजलेली रक्तवाहिनी उघडत नाही, हे आधीच पक्कं समजून घ्या. जे काही होतं ते दुसऱ्या थरात होतं.

अर्थात वायरपर्यंत कोणी एकदम जात नाही. आधी तंबाखू बंद, पूर्ण बंद, एखादी सुद्धा नाही. बर्जरमध्ये तर याच्याइतकं परिणामकारक दुसरं काहीच नाही, तंबाखू चालू ठेवून कुठलंही मशीन बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या, निफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन. त्यांनी भागलं नाही तर सिल्डेनाफिल. नवीन जखमा होऊ नयेत म्हणून बोसेन्टान. जास्तच झालं तर अॅडमिट करून इलोप्रोस्टचं सलाईन, ते रोज साधारण सहा तास असं तीन ते पाच दिवस चालतं. काही ठिकाणी बोटांच्या मुळाशी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, काही ठिकाणी सिम्पथेटिक नर्व्ह ऑपरेशनने कापतात. या कापाकापीचा त्रास असा की बऱ्याच जणांना सुरुवातीला छान वाटतं आणि काही काळाने आजार परत डोकं वर काढतो, आणि कापलेलं काही परत जोडता येत नाही. हे सगळं करूनही ज्याची बोटं वाचत नाहीयेत किंवा दुखणं थांबत नाहीये, त्याच्यासाठी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन.

हे यंत्र मुळात रक्तासाठी नव्हतंच. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी गेट कंट्रोल नावाची कल्पना मांडली, की मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नर्व्हच्या जाड दोरीत, स्पायनल कॉर्डमध्ये, एक दरवाजा असतो आणि स्पर्शाचे निरोप तिथे गर्दी करून आले की दुखण्याचे निरोप मागे अडकतात. आपटलेल्या जागी आपण नकळत चोळतो ना, तेच. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, नॉर्मन शीली या अमेरिकन न्यूरोसर्जनने कॅन्सरच्या वेदना असलेल्या एका पेशंटच्या मज्जारज्जूजवळ पहिल्यांदा इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारं टोक, बसवलं. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या पेशंटना असं स्टिम्युलेशन देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की अरे, यांचे पाय गरम राहतायत. 1976 मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी हातापायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी याचा वापर केल्याचं लिहिलं, आणि तिथून हा रस्ता सुरू झाला. मला हा किस्सा फार आवडतो, कारण कोणीतरी पेशंटच्या पायांकडे नीट लक्ष दिलं म्हणून हे कळलं.

करंटमुळे रक्त का वाढतं याचे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला, मज्जारज्जूतून खाली जाणारा जो "आवळ" वाला हुकूम आहे तो दबतो. दुसरा मार्ग जास्त भारी आहे. हाताकडून मेंदूकडे स्पर्श आणि वेदना नेणाऱ्या ज्या नर्व्ह आहेत त्यांची नेहमीची दिशा हातापासून वर अशी असते, पण मज्जारज्जूजवळ करंट दिला की निरोप उलटा, वरून खाली बोटांपर्यंत जातो आणि त्या नर्व्हच्या टोकातून सीजीआरपी नावाचं द्रव्य बाहेर पडतं, त्याच्या जोडीला रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड, आणि या दोघांचं काम रक्तवाहिनी सैल करणं. म्हणजे एका बाजूने आवळणारा हात ढिला करायचा आणि दुसऱ्या बाजूने सैल करणारं द्रव्य सोडायचं. कोणत्या पेशंटमध्ये यातलं किती काम करतं ते सारखं नसतं. शिवाय दुखणं कमी झालं की शरीराचा ताण कमी होतो, आणि ताण कमी झाला की "आवळ" हुकूमही कमी येतो, हा तिसरा फायदा आपोआप मिळतो.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. हे दोन टप्प्यांत होतं, आधी ट्रायल आणि मग जमलं तर कायमचं. मला विचाराल तर ट्रायल ही या सगळ्या उपचारातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण शरीरात कायमचं काही बसवायच्या आधी वापरून बघायची सोय फार कमी ऑपरेशनमध्ये असते.

पेशंटला पालथं झोपवतात. पूर्ण भूल देत नाहीत, बऱ्याच ठिकाणी जागा बधिर करून थोडं गुंगीचं औषध देतात, कारण पेशंट बोलता राहायला हवा असतो. पाठीच्या वरच्या भागात, दोन खांद्यांच्या मधे, जाडसर सुई घालून मणक्याच्या आतल्या पोकळीत पोचतात. ही पोकळी मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर असते, तिला एपिड्युरल स्पेस म्हणतात, म्हणजे वायर मज्जारज्जूत घुसत नाही, त्याच्या आवरणाच्या मागे टेकून राहते. त्या सुईतून दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक वायर एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत बघत वर मानेपर्यंत सरकवतात. वायरच्या टोकाला धातूच्या छोट्या छोट्या रिंगा असतात, बऱ्याचदा आठ, त्यातली कोणतीही चालू किंवा बंद करता येते.

मग संवाद सुरू होतो.

"आता कुठे जाणवतंय?"

"खांद्याला. मुंग्या आल्यासारखं."

थोडी सरकवतात.

"आता?"

"कोपराच्या खाली... अंगठ्याकडे."

"आणि आता?"

"हो हो, करंगळीत आल्या. तिथेच दुखतं."

अंगठ्याच्या संवेदना मानेतल्या सहाव्या नर्व्हकडे जातात, मधल्या बोटाच्या सातव्या, करंगळीच्या आठव्या, त्यामुळे वायर थोडीशी जरी वरखाली झाली तरी मुंग्यांची जागा बदलते. जिथे दुखतं आणि जिथे रक्त कमी पडतं त्या सगळ्या भागावर मुंग्या पसरायला हव्यात, म्हणून हा खेळ चालतो. पेशंटने लाजून "ठीक आहे, चालेल" म्हणू नये, नीट नेमकं सांगावं. हल्ली खूप जास्त फ्रिक्वेन्सीचे प्रकारही आलेत ज्यात मुंग्या येतच नाहीत, पण रक्तवाहिन्यांच्या आजारातला जुना अनुभव मुख्यतः मुंग्यावाल्या प्रकाराचाच आहे.

वायरचं दुसरं टोक कातडीतून बाहेर काढून बाहेरच्या छोट्या बॅटरीला जोडतात आणि पेशंट साधारण आठवडाभर, कधी जास्त, घरी राहून बघतो. दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं तर ट्रायल यशस्वी असं सर्वसाधारणपणे धरतात. पण हाताच्या रक्ताच्या आजारात नुसतं दुखणं बघून चालत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बोटांचं तापमान वाढलं का, बोटं पांढरी पडायचे झटके किती वेळा येतात, झोप किती तास लागली, गोळ्या कमी झाल्या का, जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या का, हे सगळं लिहून ठेवा, आणि रोज एकाच जागी एकाच उजेडात हाताचा फोटो काढा. काही ठिकाणी कातडीवरून ऑक्सिजन मोजायचं मशीन किंवा थर्मल कॅमेरा वापरतात, ते असेल तर उत्तमच. आठवड्यात जखम पूर्ण भरत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

जमलं तर मग बॅटरी आत बसवतात, कातडीखाली, कमरेच्या मागे किंवा पोटात किंवा गळ्याच्या हाडाखाली. चार्ज करायची बॅटरी साधारण दहा वर्षं आणि काही वेळा त्याहून जास्त जाते, न चार्ज करायची काही वर्षांत संपते आणि मग छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते. रिमोट पेशंटच्या हातात असतो. इथे एक मुद्दा कोणी फारसा बोलत नाही, ज्याची बोटंच काम करत नाहीत त्याला चार्जरचा पट्टा बांधता येईल का, रिमोटची बटणं दाबता येतील का, हे बॅटरी निवडायच्या आधी बघा.

आता पुरावा किती आहे, इथे मी काही लपवणार नाही. पायाच्या बाबतीत, म्हणजे ज्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्यांचं बायपास वगैरे शक्य नाही अशा पेशंटवर, तुलना करून केलेले अभ्यास आहेत. कॉक्रेन या संस्थेने ते एकत्र करून तपासले, साधारण 450 पेशंट होते, आणि निष्कर्ष असा होता की वर्षभरानंतर पाय वाचण्याचं प्रमाण स्टिम्युलेशनवाल्यांमध्ये जास्त होतं, ढोबळमानाने नऊ जणांना बसवलं तर एक पाय जास्त वाचतो, आणि दुखणंही कमी होतं. त्याच अभ्यासात साधारण 15 टक्के लोकांना वायर किंवा बॅटरीसाठी परत ऑपरेशन लागलं आणि साधारण 3 टक्के लोकांना इन्फेक्शन झालं. हाताच्या बाबतीत मात्र एवढे मोठे अभ्यास नाहीत, एकेका सेंटरचे छोटे अनुभव आहेत, चार-दहा पेशंटचे. त्यात दुखणं कमी झालेले, जखमा भरलेले, बोट कापायचं टळलेले पेशंट आहेत, पण असे लेख लिहिताना चांगलं झालेलं जास्त लिहिलं जातं हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणून "शंभर टक्के बरं होईल" असं कोणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

फायदा कोणाला जास्त व्हायची शक्यता? तर्क साधा आहे, ज्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये सैल व्हायची ताकद अजून शिल्लक आहे त्याला. सगळंच बुजलेलं असेल तर सैल काय होणार. आणि जो भाग काळा पडून मेलाय तो परत जिवंत होत नाही, स्टिम्युलेशनने त्याच्या शेजारचा, मरायच्या वाटेवर असलेला भाग वाचवायचा प्रयत्न असतो. त्यामुळे मला खटकतं ते हे की बऱ्याचदा हा पर्याय दोन बोटं गेल्यावर पहिल्यांदा बोलण्यात येतो. गोळ्या आणि सलाईन देऊनही जखम भरत नसेल तर तेव्हाच विचारा, की मी यात बसते का, बसतो का.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. हात अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत, पूर्ण गार आणि पांढरा पडला, नाडी लागत नाही, बोटं हलवता येत नाहीत, तर ते रक्ताची गाठ अडकल्याचं लक्षण असू शकतं आणि ती इमर्जन्सी आहे, तिथे तासातासाला किंमत आहे. तेव्हा हा लेख वगैरे बाजूला, सरळ हॉस्पिटल.

त्रास काय होऊ शकतात? सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे वायर सरकणं. मान ही पाठीपेक्षा कितीतरी जास्त हलते, म्हणून हातासाठी बसवलेल्या वायरला हा धोका राहतोच. पहिले सहा ते आठ आठवडे हात डोक्यावर नेऊन काही काढायचं नाही, मान झटकन वळवायची नाही, जड उचलायचं नाही. त्यानंतरही मान खाली घातली किंवा मागे नेली की मुंग्या एकदम जोरात किंवा एकदम कमी लागू शकतात, कारण मान हलली की मज्जारज्जू वायरच्या जवळ किंवा लांब जातो. ते बिघाड झाल्याचं लक्षण नाही, प्रोग्रॅम बदलून जुळवून घेता येतं. सुई आत आवरणाला लागली तर काही दिवस डोकं दुखतं. मणक्याच्या आत रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब येणं फार क्वचित होतं पण ते गंभीर आहे, म्हणून ऑपरेशननंतर हातपाय लुळे वाटायला लागले तर वाट बघत बसायचं नाही, लगेच कळवायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या याच कारणाने आधी थांबवतात, आणि या आजाराच्या बऱ्याच पेशंटना त्या चालूच असतात, तेव्हा कधी थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या हे दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतःच्या मनाने नाही. बोटात पू झाला असेल तर आधी तो बरा करतात, नाहीतर इन्फेक्शन थेट यंत्रापर्यंत जाऊ शकतं.

बसवल्यावर रोजचं आयुष्य बऱ्यापैकी नेहमीसारखं चालतं. एमआरआय करायचा झाला तर आधी सांगावं लागतं, नवीन यंत्रांवर ठराविक अटी पाळून करता येतो, जुन्या काहींवर नाही. एअरपोर्टच्या सिक्युरिटीला यंत्राचं कार्ड दाखवायचं. आणि फिजिओथेरपीमध्ये डायथर्मी नावाचा जो शेक देतात तो अजिबात घ्यायचा नाही, वायर आतल्या आत तापून गंभीर इजा होऊ शकते. हात दुखतोय म्हणून कोणीतरी चांगल्या मनाने शेक घ्यायला सांगेल, आणि तिथल्या माणसाला पाठीत काय बसवलंय याची कल्पना नसेल, तेव्हा टेबलावर झोपायच्या आधी पेशंटनेच सांगायचं, प्रत्येक वेळी.